आर्गोस कुणी वसवलं आणि तिथलं पाणी येतं कुठून

प्रश्न असा आहे: ग्रीसमधली आर्गोस-मिकीनेस ही नगरपालिका २०११ साली स्थापन झाली असं एकीकडे वाचायला मिळतं. दुसरीकडे, हे गाव फोरोनेउस नावाच्या आदिपुरुषाने वसवलं असंही छातीठोकपणे सांगितलं जातं. मग खरं काय? आणि त्या दंतकथांना काही बूड आहे का?

आधीच सांगतो, मी इतिहासकार नाही. भूजलातला माणूस आहे. तीसेक वर्षं मराठवाड्यातल्या विहिरी, बोअर आणि पाझर तलाव बघण्यात गेली. आर्गोसला पहिल्यांदा गेलो तो चुनखडकातलं पाणी बघायला. आपल्याकडे सगळा काळा कातळ, त्यामुळे चुनखडक कसा वागतो हे पुस्तकातच वाचलेलं. सोबत कुणीतरी पौसानियासच्या प्रवासवर्णनाचं भाषांतर दिलं होतं. हा गृहस्थ इसवी सनाच्या दुसऱ्या शतकात ग्रीसभर हिंडला आणि गावोगावच्या कथा लिहून ठेवत गेला. हॉटेलात झोप येईना म्हणून आर्गोसचा भाग उघडला आणि उठूनच बसलो. दिवसभर नकाशावर जे बघत होतो तेच हा माणूस देवांच्या नावाने सांगत होता.

पण आधी नगरपालिकेचा हिशोब मिटवू. ‘नगरपालिका’ म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे शहर येतं. ग्रीक ‘दिमोस’ तसा नसतो. शहर आणि भोवतालची गावं, शिवारं, डोंगर असं सगळं एका कारभाराखाली असतं. आकाराने तालुका म्हणा, फक्त नगराध्यक्ष निवडून दिलेला. २०१० च्या कालिक्रातिस कायद्याने ग्रीसने अशा हजाराहून जास्त स्थानिक संस्थांच्या सव्वातीनशे केल्या आणि १ जानेवारी २०११ पासून आर्गोस, मिकीनेस, कुत्सोपोदी, लिरकिया, लेर्ना, नेआ किओस, आखलादोकाम्बोस आणि आलेआ असे आठ तुकडे एकत्र शिवले. क्षेत्रफळ सुमारे १,००० चौरस किलोमीटर, लोकसंख्या २०११ च्या जनगणनेत ४२ हजार. जिल्ह्याचं ठाणं मात्र शेजारचं नाफ्प्लिओ, आर्गोस त्याहून मोठं असूनही. हा सल आर्गोसकरांच्या मनात आहे, चहापेक्षा लवकर बाहेर येतो.

मिकीनेस म्हणजे आपण शाळेत वाचलं ते मायसीनी, ट्रॉयच्या युद्धातल्या आगामेम्नॉन राजाचं. इसवी सनापूर्वी ४६८ च्या सुमारास याच आर्गोसकरांनी मायसीनी उद्ध्वस्त केलं होतं. आज दोघांची नावं एका पाटीवर, मधे एक छोटी आडवी रेघ. शिवाय आर्गोसचं नाव सलग टिकलं, रोमन आले, व्हेनिसवाले आले, तुर्क आले, नाव तेच. मिकीनेसचं तसं नाही. त्या गावाला विसाव्या शतकाच्या सुरुवातीपर्यंत खार्वाती म्हणत. जर्मन उत्खनक श्लीमानने १८७६ मध्ये सोन्याचे मुखवटे काढून जग हलवलं तेव्हा तो खार्वातीतच होता. जुनं नाव १९१६ मध्ये परत आणून लावलं. ‘युरोपातलं सगळ्यात जुनं सलग वस्तीचं शहर’ हा दावाही तुम्हाला ठिकठिकाणी भेटेल. असा दावा करणारी आणखी पाच-सहा गावं आहेत. मी त्यात वेळ घालवत नाही.

आता फोरोनेउस. पौसानियास सांगतो की लोक तोवर एकेकटे, विखुरलेले राहत, त्यांना पहिल्यांदा एकत्र आणलं ते फोरोनेउसने, आणि जिथे ते जमले त्या जागेला फोरोनिकोन हे नाव पडलं. नीट वाचा. आर्गोसची आदिकथा किल्ला बांधल्याची किंवा लढाई जिंकल्याची नाही. पांगलेल्या वस्त्या एका कारभाराखाली आणल्याची आहे. म्हणजे २०११ मध्ये अथेन्सच्या सरकारने जे कागदावर केलं, तेच. आणखी एक गंमत: आग माणसाला प्रोमेथेउसने दिली हे आर्गोसकर मान्यच करत नसत. ती फोरोनेउसने शोधली म्हणत आणि त्याच्या नावाचा अग्नी पेटता ठेवत.

या फोरोनेउसचा बाप कोण? इनाखोस. आणि इनाखोस म्हणजे नदी. इथून माझं काम सुरू होतं.

देवांची राणी हेरा आणि समुद्रदेव पोसायडन दोघांनाही हा प्रदेश हवा होता. निवाड्याला फोरोनेउस आणि तीन नद्या बसल्या: इनाखोस, केफिसोस, आस्तेरिओन. त्यांनी कौल दिला हेराच्या बाजूने. पोसायडन चिडला आणि नद्यांचं पाणीच काढून घेतलं. त्यानंतर पौसानियास जे लिहितो ते एखाद्या पाणलोट अहवालात शोभावं: म्हणून इनाखोस काय किंवा त्या दुसऱ्या नद्या काय, पाऊस पडल्याशिवाय वाहत नाहीत, उन्हाळ्यात सगळे प्रवाह कोरडे, फक्त लेर्नाचे सोडून.

‘फक्त लेर्नाचे सोडून’ या शब्दांपाशी मी थांबलो होतो. आर्गोसचं मैदान म्हणजे डोंगरांच्या कुशीतला गाळाचा त्रिकोण, दक्षिणेला समुद्र. इनाखोसचं पात्र आजही बघा, गोटे आणि रेती. शहराला खेटून जाणाऱ्या दुसऱ्या ओढ्याचं आजचं नावच ख्सेरियास, म्हणजे कोरडा. पण मैदानाच्या पश्चिम कडेला, जिथे चुनखडकाचा डोंगर संपतो, तिथे पायथ्यातून बारमाही उमाळे फुटतात. केफालारी, लेर्ना, किवेरी, एका रांगेत. नदी पावसाची, झरा डोंगराचा. हा फरक कळायला आम्हाला नकाशे लागतात, त्यांनी तो देवांच्या भांडणात बसवला.

मग दानाओस येतो, इजिप्तहून, पन्नास मुली घेऊन. गावात पाणी नाही म्हणून मुलींना पाणी शोधायला पाठवतो. त्यातली आमिमोनी लेर्नाच्या बाजूला जाते आणि पोसायडन तिच्यावर भाळून तिला तिथले झरे दाखवतो. म्हणजे ज्याने पाणी पळवलं त्यानेच परत दिलं, पण मैदानात नाही, कडेला. बाकीच्या बहिणींचंही काम लोकांच्या लक्षात राहिलं. प्राचीन भूगोलकार स्ट्रेबोने एक जुनी ओळ दिली आहे, तिचा अर्थ असा की निर्जळ आर्गोस दानाओसच्या मुलींनी सजल केलं. त्याच ठिकाणी तो होमरशी वादही घालतो. होमर आर्गोसला ‘फार तहानलेलं’ म्हणतो. स्ट्रेबो म्हणतो, कसलं तहानलेलं, शहरात विहिरीच विहिरी आहेत आणि त्याही उथळ, त्यातल्या चार तर पवित्र मानतात. दोघांचंही बरोबर आहे. वर ओढे कोरडे ठाक, खाली गाळात हाताला लागेल इतकं पाणी. असं गाव मी आपल्याकडे नदीकाठच्या गाळपट्ट्यात पाहिलं आहे. बाहेरून येणारा पात्र बघून हळहळतो आणि गावातली बाई आडातून पाणी शेंदत असते.

याच मुलींची पुढची गोष्ट भयानक आहे. लग्नाच्या रात्री एकोणपन्नास जणींनी बापाच्या सांगण्यावरून नवऱ्यांना मारलं. एकीने, हिपर्म्नेस्त्राने, नवऱ्याला सोडलं. तो लिंकेउस पळून डोंगरातल्या लिरकियाला पोचला आणि तिथून मशाल दाखवली, मी सुखरूप आहे म्हणून. तिने आर्गोसच्या लारिसा गडावरून मशाल दाखवून उत्तर दिलं. आर्गोसकर यावरून दरवर्षी मशालींचा उत्सव करत. हे लिरकिया म्हणजे वरच्या आठांतलंच एक नाव. आणि त्या एकोणपन्नास जणींना पाताळात शिक्षा काय, तर फुटक्या रांजणात अनंतकाळ पाणी भरत राहायचं. या शिक्षेकडे परत येतो.

लेर्नाला आज मिली म्हणतात, म्हणजे गिरण्या. झऱ्याच्या पाण्यावर पाणचक्क्या चालत, त्यावरून. तुर्कांविरुद्धच्या स्वातंत्र्ययुद्धात, १८२५ मध्ये, इब्राहीम पाशाच्या इजिप्शियन फौजेला ग्रीकांनी इथेच अडवलं, कारण त्या गिरण्यांत धान्य होतं आणि नाफ्प्लिओचं पाणी इथून जात होतं. १९५० च्या दशकात अमेरिकन उत्खननात इथे कौलांचं दुमजली घर सापडलं, साडेचार हजार वर्षांच्या आसपासचं. झऱ्याशेजारी माणसं किती आधीपासून टिकून होती याचा हा पुरावा. पण लोक येतात ते हायड्रासाठी. नऊ तोंडांचा पाणसाप, एक तोंड कापलं की दोन उगवतात, शेवटी त्याच्याशी लढणाऱ्या महावीर हेरॅक्लिसचा पुतण्या मानेच्या खुंटांना डाग देतो तेव्हा थांबतो. हायड्रा या शब्दातच पाणी आहे. ही दलदल आटवण्याची कथा आहे असं जुन्या भाष्यकारांनीही म्हणून ठेवलंय, माझा शोध नाही. मला ती पटते ती एका साध्या अनुभवामुळे. चुनखडकातला उमाळा तुम्ही दगडमातीने बुजवा, तो दोन हात बाजूला दोन ठिकाणी फुटतो. तोंड बंद केलंत तरी मागचा दाब कुठे जाईल? पण ‘म्हणून हेरॅक्लिस हा मुळात पाटबंधारे अभियंता होता’ असं कुणी म्हणालं तर मी खुर्ची मागे घेतो. आपल्याकडेही लगेच वृत्रासुर आणि अडवलेलं पाणी निघतं, तिकडेही मी जात नाही. कथेत जमिनीची आठवण असू शकते, कथा म्हणजे जमिनीचा अहवाल नाही.

लेर्नाच्याच एका डोहाबद्दल पौसानियास सांगतो की सम्राट नीरोने त्याची खोली मोजायला लांबच लांब दोर जोडले, टोकाला शिसं बांधलं, तरी तळ लागला नाही. ज्याने बोअरमध्ये दोर सोडून पाणीपातळी मोजली आहे त्याला यात देव दिसणार नाही. ओलंबा पाण्याच्या ओढीने वाकडा गेला की दोर संपतच नाही. पण नीरोला हे सांगणार कोण.

आता केफालारी. आर्गोसहून पाच-सहा किलोमीटर. चिनारांची गच्च सावली, कड्यात गुहा, गुहेला चिकटून चर्च, आणि चर्चखालच्या खडकातून धो धो पाणी. चर्चचं नाव ‘जीवनदायी झरा’ अशा अर्थाचं. प्राचीन काळी ही एरासिनोस नदी. प्राचीन इतिहासकार हिरोडोटस सांगतो की ही मुळात पलीकडच्या स्तिंफालोस सरोवराचं पाणी, ते तिथे एका विवरात गडप होतं आणि इथे वर येतं असं लोक मानतात. याच काठावर स्पार्टाचा राजा क्लेओमेनीस आर्गोसवर चालून आला तेव्हा थांबला. नदी ओलांडायची म्हणून तिला बळी दिला, शकुन काही अनुकूल येईनात. तो म्हणाला, आपल्या लोकांना दगा देत नाही म्हणून एरासिनोसचं मला कौतुक वाटतं, पण म्हणून आर्गोसकर सुटणार नाहीत. मग जहाजांनी वळसा घालून आला आणि त्यांचा धुव्वा उडवला. गावाची बाजू न सोडणाऱ्या पाण्याला शत्रूही मान देत होता, गावाला मारत होता ते वेगळं.

विवरात गडप होणं ही थाप नाही. पश्चिमेला आर्केडियात डोंगरांच्या मधे बंद खोरी आहेत, बशीसारखी. पावसाचं पाणी बाहेर जायला वाट नाही, ते कडेच्या भोकातून खाली उतरतं. ग्रीक लोक या भोकांना काताव्होथ्रा म्हणतात. पुढे चुनखडकाच्या आतल्या नळ्यांमधून मैलोन्‌मैल जाऊन आर्गोसच्या कडेला फुटतं. हल्लीच्या काळात पाण्यात खुणेचे पदार्थ सोडून आर्केडियातली विवरं आणि इकडचे झरे यांचं नातं तपासलं गेलं आहे. आपल्या बेसाल्टमध्ये असं काही नसतं. आपलं पाणी फटीफटीतून, मुरमातून, विहिरीपुरतं झिरपतं आणि फेब्रुवारीत संपतं. तिथे डोंगराच्या पोटात मुळी नळयोजनाच आहे.

सगळ्यात थेट पुरावा मला किवेरीला मिळाला. इथे झरा जमिनीवर नाही, समुद्रात फुटतो. किनाऱ्याला लागून, खाऱ्या पाण्याखालून गोडं पाणी उसळून वर येतं. पौसानियास याला दीनी म्हणतो, म्हणजे भोवरा. तो स्पष्ट लिहितो की आर्केडियातल्या आर्गोन नावाच्या मैदानातलं पावसाचं पाणी विवरात शिरतं आणि थेट इथे समुद्रात वर येतं. आणि पूर्वी आर्गोसकर या भोवऱ्यात पोसायडनसाठी लगाम चढवलेले, सजवलेले घोडे टाकत. गोडं पाणी समुद्रात वाया जातंय आणि शेत तहानलेलं आहे हे बघून माणूस काय करणार, त्या काळी घोडे देणार. गेल्या शतकात इंजिनिअरांनी झऱ्याभोवती समुद्रातच अर्धगोल भिंत घातली. आतलं पाणी समुद्रापेक्षा थोडं उंच ठेवलं की त्याचा भार खाऱ्याला आत येऊ देत नाही. आत साठलेलं पाणी पंपांनी उचलून कालव्याने मैदानात नेलं. आनाव्हालोसचा कालवा तो हाच.

त्या भिंतीवर मी बराच वेळ उभा होतो. आतलं पाणी शांत, किंचित हिरवट, मधे मधे तळातून उसळी आली की शिंतोडे न उडवता वर गोल फुगवटा येतो, उकळत्या वरणावर येतो तसा. बाहेर साधा निळा समुद्र. खिशातला क्षारता मीटर आत बुडवला, मग बाहेर. आतलं पाणी पूर्ण गोडं नव्हतं. थोडा मचूळपणा होता, आणि तो पावसाप्रमाणे कमीजास्त होतो असं तिथल्या पंपावरच्या माणसाने हातवाऱ्यांनी सांगितलं.

कालव्याची गरज का पडली? संत्र्यांमुळे. दुसऱ्या महायुद्धानंतर मैदानात संत्र्याच्या बागा वाढत गेल्या. उन्हाळ्यात पाणी, आणि थंडीत गारठ्यापासून झाडं वाचवायला रात्रभर फवारा, तोही भूजलाचाच. स्ट्रेबोच्या त्या उथळ विहिरी खोल बोअर झाल्या, पातळी समुद्राच्या खाली गेली, आणि मग समुद्र आत आला. किनाऱ्याकडच्या एका बागेत मालकाने मला पान खुडून दाखवलं, कडा करपलेल्या, टोकापासून आत तपकिरी होत गेलेल्या. पाणी प्यायला दिलं. मीटर लावला, आकडा बघितला, मीटर पुसून परत लावला. तोच आकडा. त्याच्या बापाच्या विहिरीला पोहरा लागायचा, त्याच्या मोटारीचा पाइप किती खोल गेलाय ते तो बोटं मोजून सांगत होता. आणि मला त्या एकोणपन्नास बहिणींचा फुटका रांजण आठवला. या खारेपणावर उपाय म्हणून केफालारीचं हिवाळी जास्तीचं पाणी बोअरमधून परत जमिनीत सोडण्याचे प्रयोगही झाले आहेत, आपल्याकडच्या पुनर्भरणासारखेच.

आठ तुकड्यांपैकी नेआ किओस सगळ्यात नवा वाटतो, सरळ रस्ते, समुद्रकाठ. १९२२ मध्ये तुर्कांकडून झालेल्या पराभवानंतर आणि त्यानंतरच्या लोकसंख्येच्या अदलाबदलीत मार्माराच्या काठच्या किओस गावचे ग्रीक इथे दलदलीत वसवले गेले. नेआ म्हणजे नवं. जुन्या किओसची कथा अशी की हेरॅक्लिसचा लाडका हिलास तिथे झऱ्यावर पाणी भरायला गेला आणि अप्सरांनी त्याला पाण्यात ओढून नेलं. हेरॅक्लिस त्याला हाका मारत फिरला, जहाज निघून गेलं. निर्वासितांनी गावाचं नाव आणलं, त्याबरोबर ही गोष्टही आली, आणि ती येऊन पडली कुठे, तर हायड्राच्या दलदलीपासून काही किलोमीटरवर. याची योजना कुणी केली नव्हती.

तेव्हा तुमच्या प्रश्नावर माझं मत असं: संस्था २०११ ची आहे यात शंका नको. फोरोनेउसची तारीख शोधू नका, मिळणार नाही. पण या आठ गावांना एकत्र बांधणारी गोष्ट कोणती असं विचाराल तर मी कायद्याच्या आधी पश्चिमेकडची ती झऱ्यांची रांग दाखवीन. दंतकथा जवळजवळ सगळ्या तिच्याभोवती फिरतात.

मिकीनेसही यात बसतं. पौसानियासकडे नावाची एक व्युत्पत्ती आहे: पर्सेउसला तहान लागली, त्याने एक अळंबी उपटली, खालून पाणी निघालं, ते तो प्यायला. अळंबीला ग्रीकमध्ये मिकीस म्हणतात, त्यावरून नाव. व्युत्पत्ती म्हणून ती टिकणार नाही, पण तिथे पर्सेइया नावाचा झरा तो सांगतो तो खरा आहे. बहुतेक सगळे पर्यटक सिंहद्वारापाशी फोटो काढून, सोनं सापडलेल्या थडग्यांवरून फिरून परत जातात. तुम्ही तसंच पुढे, तटाच्या ईशान्य टोकाला जा. तिथे भिंतीच्या पोटातून एक दगडी जिना खाली जातो, तीन वळणं घेत, सुमारे १८ मीटर. तळाशी टाकं. इसवी सनापूर्वी तेराव्या शतकाच्या शेवटी शेवटी, वेढ्याची भीती वाढली तेव्हा, तटाबाहेरच्या झऱ्याचं पाणी मातीच्या नळांनी इथे आणून ठेवलं होतं. मला पहिल्यांदा बघून शब्द सुचला तो बारव. फक्त ही अंधारात, लपवलेली.

जिना उघडा असला तर मोबाईलच्या उजेडावर जाऊ नका, चांगली विजेरी न्या. पहिल्या वळणानंतर छत इतकं खाली येतं की मान वाकवावी लागते. पायऱ्या झिजून गुळगुळीत झाल्या आहेत आणि खालच्या टप्प्यात भिंतीला हात लावला तर गिलावा अजून ओलसर लागतो.